कुलूपवाल्याची बायको

माझ्या बाकावर कुणीतरी बसलेलं दिसलं आणि माझ्या कपाळाची शीर उडायला लागली. सार्वजनिक बागेतला बाक माझा कसा, असं कुणी विचारलं तर माझ्यापाशी उत्तर नाही. पण इतकी वर्षं रोज दुपारी एकाच लाकडावर बूड टेकलं की ते लाकूड आपलं होतं, असं मला वाटतं. याआधीही कधीमधी कुणी बसलेलं असायचं. ऑफिसातली पोरं, बाबागाडी घेतलेली एखादी बाई. मी समोर उभी राहून डब्याशी चाळा करायचे, घड्याळ बघायचे, सुस्कारे सोडायचे, आणि माणसं निमूटपणे उठून जायची. माझा चेहराच तसा आहे, असं माझी लेक म्हणते. त्या दिवशी मात्र बाकावरच्या माणसाने मान वर केली, मांडीवरचा रुमाल सावरला, थोडं सरकून शेजारच्या जागेवर थाप मारली आणि अख्ख्या बागेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "ये, ये! तुझी जागा धरून ठेवलीय." तो माझा नवरा होता.

"अहो, तुम्ही इथे कसे?" मी विचारलं. काहीतरी वाईट घडलंय, लेकीचा फोन आलाय, असंच आधी मनात आलं. "कसे म्हणजे?" हे म्हणाले. "बोललो होतो ना, रिटायर झालो की रोज तुझ्याबरोबर जेवेन म्हणून. विसरलीस?" विसरले नव्हते. पण संसारात माणसं असली वाक्यं बोलतच असतात. एकदा दोघंच कुठेतरी लांब जाऊ, एकदा हे कपाट बाहेर काढून टाकू, रिटायर झालो की रोज तुझ्याबरोबर जेवेन. आपण "हो हो, बघू" म्हणायचं आणि भांडी घासायला घ्यायची. असल्या वाक्यांचा कुणी पुढे हिशेब लावत नाही. यांनी लावला. गेल्याच आठवड्यात यांना छापखान्यातल्यांनी निरोप दिला होता, आणि आज हे शहराच्या त्या टोकापासून बस बदलत, दोन उकडलेली अंडी आणि पाव घेऊन माझ्यासमोर हजर. वर डोळ्यांत पाणी आणून म्हणतात, "तुला सांगतो, मला इतकी वर्षं घास गोड लागला नाही. तिकडे छापखान्यात आम्ही चार माणसं हसतखेळत जेवतोय आणि माझी बायको एकटी थडग्यांमध्ये बसून डबा खातेय." आता यावर माणसाने काय बोलावं? मी बसले. अंडं सोललं. माझा अर्धा तास माझ्या डोळ्यांदेखत गेला आणि मी त्याला हात हलवून निरोप देत बसले.

तो अर्धा तास काय होता, हे सांगायचं तर आधी माझं काम सांगावं लागेल. मी कान तपासते. समोरच्या दवाखान्यात जिना चढून वरच्या मजल्यावर माझी खोली आहे, तिच्यात काचेची खिडकी असलेली आणखी एक छोटी खोली, आवाज न शिरणारी. तपासायच्या माणसाला त्या छोट्या खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि सांगायचं, "आवाज आला की बोट वर करायचं. उजव्या कानात आला तर उजवं, डाव्यात आला तर डावं. कितीही बारीक आला तरी. बोलायचं नाही, नुसतं बोट." मग मी बाहेर बसून बटणं दाबते आणि काचेतून बोटं बघते. ऐकायला सोपं वाटतं. पण येणारी माणसं मुळात ऐकू येत नाही म्हणून आलेली, त्यामुळे हे एवढंसं सांगायला मला बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं. काही लोक आवाज नसतानाच बोट वर करतात, नापास होऊ नये म्हणून. काहीजण दोन्ही हात वर करतात. बायका नवऱ्यांना घेऊन येतात, "यांना काही म्हणजे काही ऐकू येत नाही हो," आणि आलेख काढावा तर कान ठणठणीत. मग त्या बाईला बाहेर नेऊन सांगायचं तरी काय? ज्यांना कानाचं यंत्र दिलंय ती माणसं ते खिशात घालून येतात, आणि खिशात ते शिट्टी मारत राहतं, आणि ती शिट्टी त्यांना सोडून सगळ्यांना ऐकू येते. दुपार होईपर्यंत माझं डोकं नुसतं भणभणत असतं. घसा बसलेला, आणि कानांत जगातले सगळे बारीक-जाड सूर एकाच वेळी वाजताहेत. अशा वेळी मी डबा उचलायचे, रस्ता ओलांडायचे, पायऱ्या चढायचे आणि त्या बाकावर बसून कुणाशीही, काहीही, एक अक्षरसुद्धा बोलायचे नाही.

बाग म्हणजे तरी काय, दोन उंच इमारतींच्या मध्ये अडकलेली हिरवी चिंधी. कधीकाळी तिथे चर्च होतं आणि त्याच्याभोवती माणसं पुरायचं आवार. चर्च जळालं, ते परत कुणी बांधलं नाही, आवार राहिलं. पुढे कधीतरी शहराने ते ताब्यात घेतलं, गवत लावलं, बाक टाकले, पाण्याचा नळ बसवला आणि थडग्यांवरचे दगड उचलून तिन्ही बाजूंच्या भिंतींना टेकवून उभे केले, वर्गाबाहेर काढलेली पोरं उभी असतात तसे. माणसं मात्र जिथल्या तिथे खाली राहिली. म्हणून तर बाग रस्त्यापेक्षा उंच आहे. पिढ्यान् पिढ्या एकावर एक पुरत गेलं की जमीन फुगणारच, असं तिथली माळीण मला एकदा म्हणाली होती. त्या आमच्या पहिल्या आणि शेवटच्या गप्पा. मला तिचा तोच स्वभाव आवडायचा. ती तिचं गवत कापायची, मी माझा पाव खायचे, आणि खालची मंडळी कुणाच्या अध्यात ना मध्यात. लोकांना वाटतं थडग्यांपाशी बसलं की मन उदास होतं. माझं कधी झालं नाही. लहानपणी आम्ही चौघी बहिणी एका खोलीत झोपायचो, तिथून उठले ती यांच्या दोन खोल्यांत आले, मग लेक झाली, तिच्या परीक्षा, तिच्या मैत्रिणी, न्हाणीघरात गेलं तरी बाहेरून कुणीतरी दारावर थापा मारणार, "आई, झालं का?" एवढी सगळी माणसं जवळ असून एकानेही मला कधी काही मागायचं नाही, विचारायचं नाही, अशी जागा मला शहरात ती एकच मिळाली होती.

आणि तिथे माझी एक मैत्रीण होती. बाकाच्या बरोबर समोर, तुतीच्या झाडाच्या जरा डावीकडे एक दगड आहे. वरचं नाव पावसाने खाऊन टाकलंय. त्याखाली 'या शहरातला कुलूपवाला' एवढं वाचता येतं, मग तो सचोटीने जगला वगैरे, जे सगळ्यांच्याच दगडावर असतं, आणि त्याखाली 'आणि त्याची पत्नी'. त्यानंतर काही नाही. खालचा अर्धा दगड कोरा, गुळगुळीत, कुणी हातसुद्धा न लावलेला. त्या कोऱ्या अर्ध्या दगडाकडे बघत मी किती डबे संपवले असतील कोण जाणे. नवरा आधी गेला असणार. मग मुलाने किंवा दिराने दगड कोरून घेतला, आणि आलोच आहोत तर आईचीही सोय करून ठेवू म्हणून तेवढे शब्द घालून पुढची जागा सोडली. ती बाई दर आठवड्याला फुलं घेऊन यायची आणि स्वतःची राखून ठेवलेली जागा बघायची. कुलूपवाल्याचं घर, म्हणजे दाराला कुलूप, कपाटाला कुलूप, साखरेच्या डब्यालासुद्धा कुलूप, आणि सगळ्या किल्ल्यांचा जुडगा त्याच्या कमरेला, तो गेल्यावर तिच्या. मग एके दिवशी तिने तो जुडगा टेबलावर ठेवला, एक छोटी पिशवी भरली आणि ती चालू लागली. कुठे गेली ते मी शेवटपर्यंत पक्कं केलं नाही. कधी बहिणीकडे समुद्राकाठच्या गावाला, कधी नुसतं नदीपलीकडे एका भाड्याच्या खोलीत, जिथे तिला कुणाची कोण म्हणून कुणी ओळखत नव्हतं. खोलीला एक खिडकी होती, आणि ती खिडकीशी बसून एकटीच जेवायची. एवढं मात्र नक्की की ती इथे नाही. खाली सगळे आहेत, ती नाही. तापलेल्या डोक्याने मी बाकावर यायचे तेव्हा ती गेलेली असणं हेच मला पुरेसं असायचं.

आणि आता त्या बाकावर हे. हे नुसते आले असते तरी एक वेळ मी सोसलं असतं, पण हे येतात ते तोंड घेऊन येतात. हे छापखान्यात वाचक होते. एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, समोर बसलेल्या दुसऱ्याने छापलेला कागद बघत चुका पकडायच्या, अशी तिथली जुनी रीत. वाचायचं काम यांचं. नियम, दरपत्रकं, वेळापत्रकं, काय वाट्टेल ते, आणि तेही विरामचिन्हांसकट. "मालकाने स्वल्पविराम किंवा त्याच्या प्रतिनिधीने कंस सुरू लेखी परवानगी असल्यास कंस बंद." आयुष्यभर हेच केल्यावर जिभेला दुसरी सवय कशी राहणार? घरी साबणाचा कागद वाचतात, औषधाची बाटली वाचतात, बसमध्ये दारावरची सूचना वाचतात. लग्न झाल्यावर सुरुवातीला मला तो आवाज फार आवडायचा, हे मी नाकारत नाही. रात्री उशीवर डोकं टेकून मी यांच्याकडून काहीबाही वाचून घ्यायचे, आणि वाक्याच्या शेवटी पूर्णविराम आला की हसू यायचं. पण आवडतं गाणंसुद्धा दिवसभर कुणी कानाशी वाजवलं तर माणूस उठून खिडकी लावतोच ना?

दुसऱ्या दिवशी हे माझ्यासाठी उशी घेऊन आले, बाक टोचतो म्हणून. मग थर्मास. मग माळिणीशी यांची गट्टी जमली. इतक्या वर्षांत मला जिचं नाव माहीत नाही तिचे गुडघे, तिचा जावई, जावयाची नोकरी, सगळं यांना तोंडपाठ, आणि ते सगळं मला घासागणिक ऐकायचं. बागेच्या दाराशी फलक आहे, 'चेंडू खेळू नये, गवतावर झोपू नये, पक्ष्यांना खायला घालू नये.' तो यांनी रोज येताना एकदा वाचायचा आणि जाताना एकदा, मध्ये बदलला असेल म्हणून की काय. आणि एके दिवशी चेहरा उजळून म्हणाले, "अगं, मी एक ठरवलंय. या भिंतीवरचे सगळे दगड वाचून काढायचे. अगदी त्या कोपऱ्यापासून सुरुवात करायची. तू जेवत बस, मी वाचतो." मी म्हटलं, "कशाला उगाच?" तर म्हणाले, "कुणी वाचतच नाही गं यांना. आणि एकट्याने वाचलं की चूक सापडत नाही, समोर कुणीतरी ऐकणारं लागतं." मग हे दगडासमोर उभे राहून, मागे हात बांधून, सुरू. "येथे चिरविश्रांती घेत आहे स्वल्पविराम." चिरविश्रांती! अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. खाली पडलेल्यांनाही वाटत असेल, हा गृहस्थ आम्हाला हजेरीला उठवतोय की काय. मी दात-ओठ खात पाव खायचे. पावाची चव लागायची नाही. दवाखान्यात परतले की पहिल्याच आजोबांवर खेकसायचे, आणि मग त्यांच्या सुनेची माफी मागायचे.

लेकीला फोन केला, तर तिने मलाच सुनावलं. "आई, तू बाबांना काही बोलू नकोस हं. त्यांना जायला दुसरी जागा तरी कुठे आहे? त्यांचे ते छापखान्यात समोर बसणारे काकापण मुलाकडे निघून गेले. तुला काय होतंय थोडं ऐकून घ्यायला?" मी म्हटलं, "मी दिवसभर तेच करते, बाई." ती म्हणाली, "तू दिवसभर दुसऱ्यांना ऐकायला लावतेस. त्यात फरक आहे." फोन ठेवला तेव्हा इतका संताप आला होता की बोलायची सोय नाही. सगळ्यांना यांची दया येते. मलाही येते, म्हणून तर पंचाईत. चिडता येईल असा माणूस असता तर मी केव्हाच तोंड उघडलं असतं. पण हे माझ्यासाठी अंडं सोलून, वरचं पांढरं पापुद्र्यासारखं सालसुद्धा काढून, मीठ पुडीत बांधून आणतात. अशा माणसाला, तुम्ही येऊ नका, तुमच्यामुळे मला जीव नकोसा होतो, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

यांचेच कान बिघडलेत की काय, अशी मला शंका आली होती. आपल्याला ऐकू येत नाही म्हणून माणसं मोठ्याने बोलतात. म्हणून एकदा यांना वर नेऊन त्या काचेच्या खोलीत बसवलं. सगळं समजावून सांगितलं. पहिलं बटण दाबलं तर आतून आवाज, "आला!" दुसरं दाबलं, "हाही आला! हा जरा बारीक होता, पण आला!" मी दार उघडून म्हटलं, "अहो, बोलायचं नाही. नुसतं बोट वर करा." "हो, हो," म्हणाले, आणि पुढच्या आवाजाला, "आला, पण तू बोलायचं नाही म्हणालीस म्हणून बोलत नाहीये." शेवटपर्यंत एकदाही बोट वर केलं नाही. आलेख बघितला तर या वयाला शोभणार नाही इतके उत्तम कान. पानावरून घसरलेला थेंबही ऐकू येईल. मी कपाळावर हात मारून घेतला.

मग मी खोटं बोलायला लागले. खूप काम आहे, दुपारचेही लोक घेतोय, खाली यायला जमणार नाही. आणि डबा घेऊन त्याच काचेच्या खोलीत शिरून दार लावून बसले. शांतता हवी ना, मग याहून शांत जागा शहरात दुसरी नसेल. पण ती भलतीच शांतता निघाली. आत बाहेरचं काहीच येत नाही, त्यामुळे माणूस स्वतःलाच ऐकू येतो. घास चावल्याचा आवाज, घोट गिळल्याचा, कानामागे रक्त धडधडल्याचा. बागेत माळिणीची कात्री वाजायची, पायऱ्यांखाली गाड्या जायच्या, तुतीवर पाखरं भांडायची, आणि त्यातलं काहीही माझ्यासाठी नसायचं; मला हवी होती ती शांतता ती होती. हे तर जिवंतपणी पेटीत बसल्यासारखं झालं. अर्धा डबा टाकून बाहेर आले तर खालच्या काउंटरवरची मुलगी वर आली, हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. "मॅडम, सर येऊन गेले. म्हणाले, तिला वेळ मिळेल तेव्हा खाऊ दे." आत सोललेलं अंडं होतं, आणि मिठाची पुडी. मी ते तिथेच उभ्याने खाल्लं आणि रागाने मला ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी मी बागेत गेले. हे भिंतीपाशी होते. कोपऱ्यापासून निघालेले आता तुतीपर्यंत आले होते. मला बघून हात केला आणि म्हणाले, "बरं झालं आलीस. आजचा दगड मजेशीर आहे." आणि ते कुलूपवाल्यासमोर उभे राहिले. मी म्हटलं, "राहू दे आज. बसा ना." पण हे सुरू झाले होते. सचोटी वाचली, सगळं वाचलं. "आणि त्याची पत्नी." मग थांबले. खाली वाकून कोऱ्या दगडावरून बोटं फिरवली. माझ्या कोऱ्या दगडावरून. "मजकूर राहिलाय," हे म्हणाले. "बघितलंस? जागा सोडली आणि कोरायला कुणी उरलंच नाही. बिचारी. शेवटी अगदी एकटी पडली असणार. आहे इथेच खाली, पण कुणाला पत्ता नाही."

"ती खाली नाहीये," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"ती इथे नाहीये. ती निघून गेली होती."

"तुला कुणी सांगितलं?" यांनी खरंच उत्सुकतेने विचारलं. माझ्यापाशी काही पुरावा असेल असं यांना वाटलं. आणि त्या उत्सुक चेहऱ्याकडे बघून माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती काही आवरेना. "कुणी सांगायला कशाला हवं? एकटी राहिली म्हणजे बिचारीच का? तिला आवडत असेल एकटं बसायला! मला आवडतं. मी इथे इतकी वर्षं एकटी बसत होते ना, ती काही वनवासात नव्हते. सुखात होते. दिवसभरात हा एक अर्धा तास माझा होता आणि तुम्ही आलात उशी घेऊन. नका येऊ इथे. हात जोडते तुमच्यापुढे, इथे येत जाऊ नका."

माळिणीची कात्री थांबली. बाकीच्या बाकांवरच्या माना वळल्या. दवाखान्यात ओरडते तशी मी ओरडले होते. हे दगडापाशीच उभे होते, बोटं अजून त्या कोऱ्या जागेवर टेकलेली. "मला वाटलं," हे म्हणाले, "तुला इथे करमत नसेल." मी म्हटलं, "इथेच करमतं." हे फार दुष्टपणाचं होतं, पण खरं होतं, आणि ते मला परत घ्यायचं नव्हतं. यांनी हळूहळू रुमालाची घडी घातली, थर्मास पिशवीत टाकला. उशी उचलली, परत बाकावर ठेवली, पुन्हा उचलली. दाराशी जाताना यांनी फलक वाचला नाही.

त्या संध्याकाळी घरात इतकी शांतता होती की मी स्वयंपाकघरातला नळ दोनदा बंद केला. हे वर्तमानपत्र घेऊन बसले होते. ओठ हलत होते, आवाज नव्हता. जेवताना "मीठ दे" एवढंच म्हणाले. मला वाटलं आता हे काही तरी टोचून बोलतील, निदान रुसतील तरी, मग मीही चार शब्द सुनावीन आणि मोकळी होईन. पण हे रुसलेलेही नव्हते. ज्याच्या हातून काहीतरी फुटलंय आणि त्याने तुकडे गोळा करून ठेवलेत, अशा माणसासारखे जपून वावरत होते. मला माझा अर्धा तास परत मिळाला होता आणि माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. मग त्याचाही राग आला. मिळालं ते सुखाने मिळू का नये? मी कुलूपवाल्याच्या बायकोचा विचार करून बघितला. ती खिडकीशी बसली होती, पण जेवत नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाक रिकामा होता. मी बसले, डबा उघडला, समोर बघितलं. दगड तसाच होता. पाखरं भांडत होती, खालून गाड्या जात होत्या. आवाज हळूहळू एकमेकांपासून सुटे झाले, कानांतला गोंगाट खाली बसला, मानेतला पीळ गेला. तो इतक्या दिवसांनी आलेला निवांतपणा मी डोळे मिटून घेतला आणि खरंच सांगते, बरं वाटलं. मग डोळे उघडले आणि तुतीच्या बुंध्याच्या पलीकडे मला एक टक्कल दिसलं.

बागेच्या त्या टोकाला नळाशेजारी एक बाक आहे, त्याची एक फळी मोडलेली, आणि त्याच्यावर सावली नाही म्हणून तिथे कुणी बसत नाही. हे तिथे बसले होते. माझ्याकडे पाठ करून. तोंड दाराकडच्या फलकाकडे. उशीवर बसले नव्हते, उशी शेजारी ठेवली होती. डबा मांडीवर. मागून जबडा हलताना दिसत होता, आणि तो नुसता चावत नव्हता, मध्येमध्ये थांबून काहीतरी म्हणत होता, चेंडू खेळू नये, गवतावर झोपू नये. पण मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. यांनी बरोबर तेवढं अंतर मोजून बाक निवडला होता. इतका राग आला मला! हा काय प्रकार? येऊ नका म्हटलं तर येतातच, आणि येतात ते असे, की मला बोलायला जागा नाही. बाग सार्वजनिक आहे. बाक माझा नाही. ऊन यांच्या टाळूवर सरळ पडलेलं, टाळू लालबुंद झालेली, आणि हा शहाणा माणूस तिथून हलणार नाही, कारण सावलीत सरकला तर माझ्यासमोर येईल. पाखरं पायाशी गोळा झाली होती. यांनी इकडेतिकडे बघून पावाचा तुकडा बोटांत मोडला, मग फलकाकडे बघितलं आणि तुकडा स्वतःच खाल्ला.

उठावं, जाऊन शेजारी बसावं, असं मनात आलं. नाही कसं, आलंच. उठलेसुद्धा असते. पण मग उद्या उशी, परवा थर्मास, आणि भिंतीवरचे राहिलेले दगड. मला माझा अर्धा तास हवा होता. कालही हवा होता आणि आजही हवा होता, तिथे टक्कल असो की नसो. मी बूड घट्ट टेकून बसले. शेवटचा घास संपेपर्यंत बसले, सफरचंद खाल्लं, बियासुद्धा कागदात नीट बांधल्या. कुलूपवाल्याच्या बायकोकडे बघितलं. ती आता नदीपलीकडे होती हे मी पक्कं केलं, समुद्राकाठी नाही. नदी असली की कसं, पूल ओलांडून परत येता येतं. मग दवाखान्याची वेळ झाली आणि मी उठले.

दाराकडे जायला नळावरूनच जावं लागतं. मी यांच्या बाकामागून गेले. यांना माझी पावलं कळली असणार, यांचे कान मला माहीत आहेत. जबडा हलायचा थांबला. खांदे जरा वर गेले. मी थांबले नाही. दवाखान्यात ओरडते तसं तर नाहीच, रोज घरी बोलते त्याहूनही हळू, जेमतेम श्वासावर म्हणाले, "उद्या टोपी घालून या. टाळू भाजतेय तुमची."

यांनी मागे वळून बघितलं नाही. तोंडातून शब्द काढला नाही. नुसतं उजव्या हाताचं बोट वर केलं.